एक आकडा, दोन बाळं

मास्तरांना नुसता आकडा सांगितलेला चालत नसे. आम्ही नर्सेस कायम घाईत. फोन उचलायचा आणि "मास्तर, तीनशे वीस झालंय, तेवढं बदलून घ्या" असं म्हणून मोकळं व्हायचं. पलीकडून शांतपणे प्रश्न यायचा, "तीनशे वीस काय?"

"मिलिलिटर हो. आणखी काय असणार?"

"मला काय माहीत, सिस्टर. पायऱ्याही असतील."

असं बोलून ते हसायचेही नाहीत, कारण त्यांच्या मते हा विनोद नव्हताच. मला मात्र सुरुवातीला त्यांचा फार राग यायचा. राग माझ्या नाकावरच असतो, हे माझी सून कुणालाही सांगेल.

मी चौतीस वर्षं नर्स होते, त्यातली बहुतेक नवजात बाळांच्या वॉर्डात आणि शेवटची नऊ तिथली मुख्य म्हणून. मास्तर आमच्याच हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरच्या खोलीत. तळमजल्यावर धुतलेल्या चादरींच्या कोठाराला लागून ही खोली होती. इस्त्रीची गरम वाफ भिंतीतून झिरपते की काय असं वाटायचं. पंधरा वर्षं त्यांनी शाळेत गणित शिकवलं होतं. मुलं कमी झाली, शाळा बंद पडली, आणि चाळिशीनंतर हा गृहस्थ तरण्या पोरांच्या रांगेत बसून प्रोग्रॅमिंग शिकला. नोकरी बदलली तरी शर्टाच्या खिशातला खडू गेला नाही. कॉम्प्युटरच्या वर त्यांनी एक लहानसा फळाही ठोकून घेतला होता. म्हणून ते मास्तर.

आमच्यासाठी त्यांनी डोसचा प्रोग्रॅम लिहिला. त्याआधी आम्ही डोस कागदावर गुणाकार करून काढायचो. बाळ जितकं वजनाचं, त्या हिशोबानं औषध. एका शून्याची चूक म्हणजे दहापट औषध, आणि समोर हाताच्या पंजाएवढं बाळ. चौतीस वर्षांत त्या गुणाकाराची भीती काही माझ्या मनातून गेली नाही.

मला प्रोग्रॅममधलं ओ की ठो कळत नाही. पण मास्तरांनी मला समजावलं होतं, आणि मी त्यांच्याकडून तीनदा वदवून घेतलं होतं, म्हणून सांगते. साध्या प्रोग्रॅममध्ये आकडा नुसता आकडा असतो. मास्तर आकड्याची वस्तू करायचे. त्यांच्या भाषेत ऑब्जेक्ट. त्या वस्तूच्या पोटात आकडा असतो, तो ग्रॅम आहे की मिलिलिटर हे असतं, कुणी मोजला आणि कधी मोजला हेही असतं. शिवाय तिला स्वतःचे नियम माहीत असतात. वजनात कुणी मिलिलिटर मिळवू लागलं तर ती सरळ नकार देते.

"तुम्ही चिठ्ठी नसलेल्या बाटलीतलं औषध द्याल का?" त्यांनी मला विचारलं.

"नोकरी घालवायची आहे का मला?"

"मग चिठ्ठी नसलेला आकडा कसा चालतो तुम्हाला?"

एका दिवसाचं औषध तीन वेळांत द्यायचं तर त्यांचा प्रोग्रॅम तिसरा भाग हा तिसरा भाग म्हणूनच सांभाळायचा, एक वर आणि तीन खाली. "शून्य पूर्णांक तेहेतीस म्हटलं तर थोडं सांडतं," ते म्हणायचे. एक थेंबसुद्धा सांडला नसता, पण त्यांना ते सहन व्हायचं नाही.

प्रोग्रॅम आला आणि आमचं जगणं सुसह्य झालं. पहिल्याच महिन्यात किलोच्या जागी ग्रॅम लिहिलेला एक डोस त्यानं अडवला. मी स्वतः खाली जाऊन मास्तरांची पाठ थोपटून आले. त्यानंतर आमची गट्टी जमली. दुपारच्या चहाला मी त्यांच्या खोलीत जायचे. त्यांच्या घरी दोन-चारदा गेले. बायको शिवणकाम करायची, मला ताई म्हणायची. मूलबाळ नव्हतं. स्वयंपाकघरात ओट्याच्या वरही एक फळा होता, आणि त्यावर वाण्याची यादी. "दोन किलो" असं स्पष्ट लिहिलेलं. नुसतं "दोन" लिहिलं तर हे यादी घेऊन तसेच परत येतात, असं ती वैतागून सांगायची.

एकदा चहा पिताना त्यांनी मला त्यांचा शाळेतला पहिल्या दिवसाचा धडा करून दाखवला. फळ्यावर सात काढला, हातानं पुसला आणि तिथंच आठ काढला. "सांगा सिस्टर, सात कुठं गेला?"

"पुसलात की तुम्ही."

"मुलंही हेच म्हणायची. मी खडू पुसला. सात जिथल्या तिथं आहे. सात कधी आठ होत नाही. आठ हा वेगळा, नवा." मग खडू खिशात टाकत म्हणाले, "एवढं एक पटलं की गणिताची भीती जाते."

मी मान डोलावली आणि विसरून गेले. माणूस कधी आपल्याच धड्यात नापास होईल, सांगता येत नाही.

आता मूळ गोष्ट सांगते. जुळ्या बाळांचा फॉर्म भरणं हा आम्हाला जाच होता. आईचं नाव, पत्ता, रक्तगट, किती आठवड्यांची, सगळं दोनदा लिहायचं. मीच मास्तरांच्या मागे लागले की काहीतरी सोय करा. त्यांनी दोन दिवसांत एक बटण करून दिलं. त्यावर लिहिलं होतं "तसंच". पहिल्या बाळाचा फॉर्म भरायचा, "तसंच" दाबायचं, दुसऱ्याचा फॉर्म आपोआप भरून येतो. मग जे वेगळं असेल तेवढं बदलायचं. दुसरं एक बटण होतं "दुरुस्ती" नावाचं. बोट घसरून चुकीचं लिहिलं गेलं, तर त्यानं ते जागच्या जागी बरोबर करता यायचं. दोन्ही बटणं दोन वर्षं बिनतक्रार चालली.

त्या सकाळी दोन मुली आल्या, वेळेच्या खूप आधी जन्मलेल्या. आई पोस्टात काम करणारी, बाप दूर नोकरीला. एकीची काचेची पेटी खिडकीशी ठेवली, दुसरीची दाराशी, म्हणून आमच्यात त्या खिडकीवाली आणि दारावाली झाल्या. खिडकीवाली सोळाशे ग्रॅम. दारावाली एक हजार साठ. आईच्या पोटातलं सगळं बहिणीनंच घेतलं होतं.

दोन्ही वजनं माझ्या हातातल्या चिठ्ठीवर होती. घाईत मी खिडकीवालीच्या फॉर्ममध्ये दारावालीचं वजन लिहिलं, एक हजार साठ. मग "तसंच" दाबलं. दारावालीचा फॉर्म भरून आला, वजन एक हजार साठ. ते तिचं बरोबरच होतं, म्हणून मी हात लावला नाही. मग लक्षात आलं की पहिलीचं चुकलंय. परत गेले, "दुरुस्ती" दाबून सोळाशे केलं, आणि सुटले. त्याच संध्याकाळपासून माझी चार दिवस सुट्टी होती.

परत आले तेव्हा दुपार होती. दोघींना संसर्गासाठी एक इंजेक्शन चालू होतं. अशा बाळांचं वजन आधी उतरतं, म्हणून ते पुन्हा जन्माइतकं होईपर्यंत डोस जन्माच्या वजनावरच काढतात. मी प्रोग्रॅमच्या कागदाप्रमाणे दोन सिरिंज भरल्या आणि ट्रेमध्ये शेजारी शेजारी ठेवल्या. दोन्हींतलं औषध एकाच रेघेपर्यंत आलं होतं.

दारावाली तर तिच्या बहिणीच्या दोनतृतीयांश. औषध सारखं कसं? कागद पाहिला. दारावाली, जन्माचं वजन सोळाशे ग्रॅम. नोंद करणारी, मी.

पाच दिवस तिला दीडपट औषध गेलं होतं. आणि ते औषध कानांवर जातं, हे आमच्या वॉर्डात झाडू मारणारीलाही माहीत होतं.

चौकशी लागली. मी एकच सांगत राहिले की दारावालीच्या फॉर्ममध्ये मी सोळाशे लिहिलेलं नाही. कागदावर तर माझं नाव, माझी वेळ. हॉस्पिटलच्या मोठ्या डॉक्टरांनी मास्तरांना बोलावून घेतलं. मास्तर सगळं तपासून आले आणि माझ्या तोंडावर म्हणाले, "सिस्टर, ती नोंद तुमचीच आहे. आकड्याच्या पोटात तुमचं नाव आहे. आकडा आपोआप बदलत नाही."

चारचौघांत तोंडात मारल्यासारखं झालं. निवृत्तीला सहा महिने उरले होते. चौतीस वर्षं डोळ्यांत तेल घालून काढली आणि शेवटी कपाळावर हे. घरी सून मायेनंच म्हणाली, "आई, वय झालं की होतं असं." त्या मायेनं मला जास्त लागलं. मी मुलाशी बोलेना, सुनेशी बोलेना, चहाला खाली जाईना. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे माझा माझ्यावरचा विश्वास उडायला लागला. लिहिलं असेन का मी? बोट गेलं असेल का?

तिसऱ्या दिवशी मास्तर वॉर्डात आले. ते कधी वर येत नसत, त्या काचेच्या पेट्यांची त्यांना भीती वाटायची. दारातच उभे राहिले, चपला हातात घेऊन.

"सिस्टर, एक विचारू? 'तसंच' बटण दाबलं होतंत?"

"दाबलं होतं."

"नंतर दारावालीचं वजन पुन्हा लिहिलंत?"

"कशाला लिहू? बरोबर होतं ते. एक हजार साठ. डोळ्यांनी पाहिलं मी."

"आणि खिडकीवालीचं दुरुस्त केलंत, ते त्याच्या आधी की नंतर?"

"नंतर. पाच मिनिटांनी."

त्यांचा चेहरा पांढरा पडला. चपला हातात तशाच धरून ते जिना उतरले. मी हातातलं काम दुसऱ्या नर्सला देऊन त्यांच्या मागोमाग गेले.

खोलीत त्यांनी माझ्यासमोर दोन खोटी बाळं तयार केली, अ आणि ब. अ-चं वजन लिहिलं हजार. "तसंच" दाबलं. ब-चं आलं हजार. मग अ-च्या फॉर्ममध्ये जाऊन दुरुस्ती केली, दोन हजार. आणि हळूच ब-चा फॉर्म उघडला. ब-चं वजन दोन हजार. नोंद करणारे, मास्तर. त्यांनी ब-ला हातही लावला नव्हता.

मी जिंकले होते. पण आनंद होईना, कारण समोरचा माणूस खुर्चीत मटकन बसला होता.

"मी दोन आकडे केलेच नाहीत, सिस्टर," ते म्हणाले. "एकच केला. 'तसंच' दाबलं की दुसऱ्या बाळाला नवा आकडा मिळत नव्हता, त्याच आकड्याकडे बोट दाखवलं जात होतं. एकच पाटी, दोन पेट्यांच्या मध्ये टांगलेली. एकीचं म्हणून पुसलं, दुसरीचंही पुसलं गेलं."

"मग दोन वर्षं कसं कळलं नाही?"

"दुसऱ्या बाळाचं वजन तुम्ही दर वेळी नव्यानं लिहायचात. मग नवी पाटी यायची. यावेळी गरज पडली नाही." ते फळ्याकडे बघत होते. "चूक बटणाचीही नाही. आकडा पुसता येईल असा मी केला, तिथं चूक आहे. म्हटलं, एवढीशी बोटाची चूक, त्यासाठी नवा आकडा कशाला, त्यातच बदलू. पंधरा वर्षं पोरांना काय शिकवलं मी?"

मी त्यांना पाणी दिलं. त्यांनी ते घेतलं नाही.

मोठे डॉक्टर वाईट माणूस नव्हते, पण हॉस्पिटल चालवत होते. दार लावून त्यांनी आम्हा दोघांना समोर बसवलं. प्रोग्रॅम गुपचूप दुरुस्त करायचा, कागदोपत्री "नोंदीतील मानवी चूक" एवढंच राहील, मला साधी समज, निवृत्ती सुखरूप. बाळाचे कान तपासायला अजून अवकाश आहे, कदाचित काही झालेलंही नसेल. मग आत्ताच आईच्या डोक्याला ताप कशाला?

खरं सांगते, माझ्या मनात क्षणभर आलं की बरं होईल. सहा महिने कसेबसे काढले की संपलं.

मास्तर म्हणाले, "मानवी चूक बरोबर आहे. पण कुठला मानव, ते लिहा."

"भावनेच्या भरात बोलताय तुम्ही."

"नाही साहेब. चिठ्ठी नसलेली चूक मला चालत नाही."

तिथून मास्तर थेट वर वॉर्डात आले, मी त्यांच्या मागोमाग. आई दारावालीच्या पेटीशी बसली होती, हात आत घालून, बोटानं तिचा पाय धरून. मास्तरांनी तिला सगळं सांगितलं. स्वतःचं नाव सांगितलं, पाच दिवस सांगितले, दीडपट सांगितलं. सोपं करून सांगायला गेले नाहीत, माफीही मागितली नाही. मला वाटतं, माफी मागणं म्हणजे तिच्याकडून काही काढून घेणं, असं त्यांना वाटलं असावं.

मुलीवरची नजर न काढता तिनं विचारलं, "हिला ऐकू येईल?"

"माहीत नाही."

"मग जा आता इथून," ती म्हणाली.

ते गेले. पुढचे अकरा दिवस त्यांनी प्रोग्रॅम पुन्हा लिहिला. आता कुठलाच आकडा बदलता येत नव्हता. चूक झाली तर नवा आकडा करायचा, जुना तसाच राहणार, त्यावर आडवी रेघ. "दुरुस्ती" बटण गेलं, त्या जागी "नवीन नोंद" आलं. मोठ्या डॉक्टरांनी त्यांना काढलं नाही. वर्ष संपल्यावर करार वाढवला नाही, एवढंच. तोवर मी निवृत्त झाले होते. माझ्या कामाच्या शेवटच्या दिवशी, सगळ्यांचे हार घेऊन झाल्यावर, मी एकटीच कॉम्प्युटरशी बसले आणि दारावालीचा फॉर्म उघडला. "सोळाशे ग्रॅम, नोंद करणारी" यापुढे माझं नाव होतं, आडवी रेघ मारलेलं. खाली नवी ओळ होती. "वरील आकडा चुकीचा. नर्सने लिहिलेला नाही. चूक प्रोग्रॅम लिहिणाऱ्याची." आणि मास्तरांचं पूर्ण नाव. मी तिथं रडले, आणि रडल्याची मला लाज वाटत नाही.

दारावालीला नीट ऐकू येत नाही हे पुढे ठरलं. औषधामुळे, की फार लवकर जन्मल्यामुळे, की श्वासाच्या यंत्रामुळे, हे कुणालाच सांगता आलं नाही. मास्तरांनी 'औषधामुळे नव्हे' असं कुणाकडून वदवून घ्यायचा प्रयत्न केला नाही. ते घरीच मुलांच्या शिकवण्या घेऊ लागले.

सात वर्षांनी मला त्यांच्या बायकोचा फोन आला. "ताई, जमलं तर या. ती आलीय."

गेले तर पोस्टातली ती आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी स्टुलावर बसली होती, आणि ओट्यासमोर, फळ्याखाली, कानांत यंत्र घातलेली किडकिडीत पोर. मुलगी शाळेत गणितात मागे पडत होती. बाई फळ्याकडे तोंड करून शिकवायच्या, हिला ओठ दिसायचे नाहीत. मी आईला हळूच विचारलं, की यांच्याकडेच कशी आणलीत?

"सगळे म्हणाले होते, काळजी करू नका, सगळं ठीक आहे," ती म्हणाली. "यांनीच तेवढं खरं सांगितलं. आता हिला कुणी काही शिकवलं, तर ते खरं आहे हे मला कळायला हवं ना." मग म्हणाली, "माफ नाही केलं मी. तेही त्यांना सांगितलंय."

मास्तर म्हातारे झाले होते. पोरीसमोर खाली बसून, चेहरा तिच्या चेहऱ्यासमोर धरून, एकेक शब्द सावकाश बोलत होते. लिहायचं असलं की आधी बोलायचे, मग वळायचे, लिहायचे, परत वळायचे, मग बोलायचे. एकदाही पाठ फिरवून बोलले नाहीत. त्यांनी फळ्यावर सात काढला. पुसला. तिथंच आठ काढला. वळून विचारलं, "सात कुठं गेला?"

पोरीनं फळ्याकडे पाहिलं, त्यांच्या खडूनं माखलेल्या हाताकडे पाहिलं. मग तिच्या त्या थोड्या जड, ठासून बोलण्यात म्हणाली, "कुठं नाही गेला. तुम्ही खडू पुसला."

पंधरा वर्षांच्या शाळेत हे उत्तर त्यांना कुणी दिलं होतं का, मला माहीत नाही. मास्तर एकदम उठले आणि फळ्याकडे वळले. पाठमोरे उभे राहून काहीतरी पुटपुटले, ते मलाही नीट ऐकू आलं नाही. खांदे हलत होते.

पोरगी थोडा वेळ थांबली. मग उठून तिनं त्यांच्या शर्टाची बाही ओढली.

"इकडे बघून बोला ना," ती म्हणाली. "मला ऐकू येत नाही."